सावकाशकाका आणि आतून लागलेली कडी

आमच्या रुग्णालयात त्यांना त्यांच्या खऱ्या नावाने कुणीच हाक मारत नसे. सगळ्यांच्या तोंडी एकच, सावकाशकाका. हे नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. तुम्ही धावत त्यांच्या खोलीत जा, सांगा की काका, प्रिंटर अडकलाय, वॉर्डातून तीन फोन आलेत, तर ते चष्मा नाकावर नीट बसवत आणि म्हणत, "सावकाश. काय झालं ते पहिल्यापासून सांगा." पहिल्यापासून सांगेपर्यंत माणसाचा अर्धा जीव जाई. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, आमच्याकडे घड्याळाच्या काट्यावर काम चालतं, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं मी त्यांच्यावर मनातल्या मनात भरपूर चरफडले आहे. ते आधी कबूल करते आणि मग पुढचं सांगते.

काका मूळचे टाइपरायटर दुरुस्त करणारे. रुग्णालयात तेव्हा बत्तीस टाइपरायटर होते आणि हे आठवड्यातून दोनदा हत्यारांची पेटी घेऊन यायचे. वाकलेली दांडी सरळ कर, अक्षरात अडकलेली शाई टाचणीने काढ, हे त्यांचं काम. पुढे त्यांना नोकरीतच घेतलं. मग संगणक आले आणि बत्तीसच्या बत्तीस टाइपरायटर तळघरात गेले. काकाही त्यांच्या मागोमाग जाणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. पण त्या वेळच्या अधीक्षकांनी त्यांना बोलावून सर्व्हरच्या खोलीची किल्ली दिली आणि म्हणाले, "तुमच्या हातून आजवर काही मोडलेलं मी पाहिलं नाही. हे सांभाळा."

तेव्हा काका त्रेचाळीस वर्षांचे होते. इंग्रजी जेमतेम. सर्व्हर म्हणजे सगळ्या रुग्णालयाची माहिती सांभाळणारं मुख्य यंत्र, आपल्या घरी असतो तसा चित्रांचा, खिडक्यांचा संगणक नव्हे. ती युनिक्सच्या घराण्यातली प्रणाली, काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. तुम्ही हुकूम लिहायचा, तिने पाळायचा. चुकीचा लिहिलात तर तोही ती निमूटपणे पाळणार. काकांनी वर्षभर संध्याकाळचा वर्ग केला. जाडजूड पुस्तकातला एकेक हुकूम वहीत स्वतःच्या अक्षरात उतरवला, त्याखाली मराठीत अर्थ. अशा अकरा वह्या झाल्या. आणि तिथूनच त्यांना ती सवय लागली, जिची आम्ही सगळे टिंगल करायचो. हुकूम टाइप झाला की ते दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवत, ओठ हलवत तो पूर्ण वाचत आणि मगच एंटर दाबत. दर वेळी. एका ओळीचा हुकूम असला तरी.

त्यांच्या घरी मी एकदाच गेले होते, त्यांच्या मुलीच्या बाळाला बघायला. काकू शिवणकाम करतात, बोलायला फटकळ. मी म्हटलं, "काकू, काका घरीपण इतकेच सावकाश असतात का हो?" त्या म्हणाल्या, "लग्न ठरवताना मला विचारायला तीन वर्षं लावली या माणसाने. तोवर मी दोन मुलं नाकारून बसले होते, याच्या भरवशावर." काका खाली मान घालून हसत होते.

आता त्या सोमवारचं.

आदल्या दिवशी, रविवारी, आमच्या रक्तपेढीने बाहेर शिबिर घेतलं होतं. बासष्ट पिशव्या रक्त मिळालं. रात्रपाळीने चाचण्या उरकून निकाल संगणकात भरलेले. माझं काम सकाळी लेबलं छापून पिशव्यांवर चिकटवण्याचं. लेबलाशिवाय पिशवी फ्रीजच्या बाहेर पडत नाही, हा आमचा नियम, आणि तो बरोबरच आहे. एका गटाचं रक्त दुसऱ्याला गेलं तर माणूस जिवाला मुकतो.

साडेनऊला मी छापायचा हुकूम दिला. काही नाही. पुन्हा दिला. काही नाही. नवीन नोंद करून पाहिली तर तीही होईना. जुनं सगळं पडद्यावर दिसत होतं, पण नवीन एक अक्षर ते यंत्र लिहून घेत नव्हतं. आणि दुपारी दोन वाजता एका बाईंचं मोठं ऑपरेशन होतं. त्यांचा गट असा, की फ्रीजमध्ये आधीच्या दोनच पिशव्या होत्या. शिबिरातून आणखी चार मिळाल्या होत्या, त्या लेबलाविना पडून.

मी काकांच्या खोलीकडे पळाले. तिथे आधीच गर्दी होती. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या अधीक्षक डॉक्टर, स्वतः उभ्या होत्या. सर्व्हर ज्या कंपनीकडून घेतला तिचा इंजिनिअर फोनच्या स्पीकरवर होता. भिंतीला टेकून नोंदणीबाई उभ्या होत्या, रंग उडालेला चेहरा घेऊन. या नोंदणीबाई चाळिशीच्या. मुलं मोठी झाल्यावर नोकरीला लागलेल्या, तात्पुरत्या करारावर. करार संपायला तीन महिने उरलेले.

भानगड अशी होती. या प्रणालीत एक सगळ्यात वरचं खातं असतं, त्याला रूट म्हणतात. सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे. सर्व्हरचं काही बिघडलं तर रूट म्हणून आत शिरायचं आणि दुरुस्त करायचं. आणि नेमकं रूटलाच यंत्र आत घेत नव्हतं. पासवर्ड बरोबर असूनही 'लॉगिन चुकीचं' एवढंच उत्तर.

"कुणीतरी चुकीचा पासवर्ड टाकलाय," फोनवरून इंजिनिअर म्हणाला. "शनिवारी आपण नवीन नियम बसवला ना, पाच वेळा चुकला की खातं बंद. तो लागू झालाय. सकाळपासून त्या खोलीत कोण बसलं होतं?"

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या.

"मी... मी सकाळी बसले होते," नोंदणीबाई म्हणाल्या. "माझ्या टेबलावरचा संगणक लागत नव्हता, म्हणून इथून माझ्या नावाने आत जायला बघत होते. दोन-तीनदा चुकलं माझं."

"झालं तर मग," फोनमधून आवाज आला.

मोठ्या बाईंनी डोळे मिटून एक श्वास घेतला. "तुम्ही दुपारपर्यंत लेखी खुलासा द्या," त्या नोंदणीबाईंना म्हणाल्या. तोडून बोलल्या नाहीत, पण बोलल्या.

काका खुर्चीत बसले होते. ते वळले आणि म्हणाले, "बाई, खुलासा सावकाश घेऊ. आधी बघू तरी काय झालंय."

मग त्यांनी काय केलं, तर पासवर्ड पुन्हा टाकला नाही. दोन वेळा टाकून झाला होता, तिसऱ्यांदा हात लावला नाही. नाव लिहायच्या जागी त्यांनी फक्त सगळी अक्षरं आणि आकडे एकेक करून टाइप केले आणि पडद्यावर दिसतात का ते पाहिलं. म्हणजे कीबोर्डची एखादी कळ मेलेली तर नाही ना.

"अहो, पासवर्डच लिहून बघा ना त्या जागी," इंजिनिअर म्हणाला. "दिसेल तरी बरोबर उमटतोय का."

"नको," काका म्हणाले. "नावाच्या जागी लिहिलेलं यंत्र नोंदवून ठेवतं. उद्या ती नोंद कुणीही वाचेल."

"हो, ते खरंय," इंजिनिअर म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याला असे दिवसाला वीस फोन.

कळा सगळ्या जिवंत होत्या. मग काका स्वतःच्या साध्या खात्यातून आत गेले. त्या खात्याला अधिकार काही नव्हते, पण बघता येत होतं. त्यांनी एक हुकूम लिहिला, हात मांडीवर घेतले, वाचला, एंटर दाबला. पडद्यावर आकडे आले. त्यातल्या एकावर बोट ठेवून ते मला म्हणाले, "हे बघा, तुमची लेबलं इथे अडकलीत. डिस्कवर नोंदी ठेवायची जी जागा आहे ती शंभर टक्के भरलीय. लिहायला जागाच नाही, म्हणून यंत्र लिहीत नाहीये."

"मग करा ना रिकामी."

"रिकामी करायला रूट लागतो."

म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. घरात पाणी शिरलंय आणि दाराला आतून कडी.

इंजिनिअरने उपाय सांगितला. यंत्र बंद करून चालू करायचं, चालू होतानाच त्याला मध्ये अडवायचं आणि एका खास अवस्थेत न्यायचं. तिथे ते एकट्या माणसासाठी उघडतं, पासवर्ड विचारत नाही. त्यासाठी यंत्रासमोर प्रत्यक्ष बसलेलं असावं लागतं, लांबून हे जमत नाही. तिथे जाऊन चुकलेल्या प्रयत्नांचा आकडा शून्य करायचा, की कुलूप निघालं.

काकांना हे माहीत होतं. सातव्या वहीत होतं. पण त्यांनी आधी मला आणि नोंदणीबाईंना बसवलं. "यंत्र बंद करण्याआधी पडद्यावर जे दिसतंय ते कागदावर घ्या. पिशवीचा नंबर, गट, तारीख, निकाल. एकीने वाचायचं, दुसरीने लिहायचं, मग उलट करून ताडून बघायचं."

"काका, बासष्ट पिशव्या आहेत."

"आणि पुन्हा चालू झालंच नाही तर?"

आम्ही बसलो. नोंदणीबाईंचा आवाज आधी कापत होता, दहाव्या पिशवीला स्थिर झाला. अक्षर मोत्यासारखं. आम्ही लिहीत होतो तेव्हा काका एकेका वॉर्डात स्वतः चालत जाऊन सांगून आले की सर्व्हर बंद होतोय, आपलं काम थांबवा. फोन केला असता तर चाललं असतं. पण फोन कुणीतरी उचलतं, हो म्हणतं आणि विसरतं, हे त्यांना माहीत होतं.

सव्वाअकराला त्यांनी यंत्र रीतसर बंद केलं. चालू होताना पडद्यावर यादी आली, ती त्यांनी थांबवली, एका लांबलचक ओळीच्या शेवटी दोन शब्द जोडले. हात मांडीवर. वाचलं. एंटर. बरीच अक्षरं सरसर वर गेली आणि शेवटी एक एकुलतं चिन्ह लुकलुकत उभं राहिलं. ते आत होते.

"आता आकडा शून्य करा आणि लगेच चालू करा," इंजिनिअर म्हणाला. "मला दुसरा फोन येतोय, जरा पटकन."

मोठ्या बाई घड्याळ बघत होत्या. मी घड्याळ बघत होते. आणि काकांनी त्या दिवसात एकदाच घाई केली, ती इथे. आकडा किती आहे, कुणामुळे झालाय, काही न बघता तो शून्य केला आणि यंत्र पुन्हा चालू केलं. ते जुनं यंत्र उठायला दहा मिनिटं घ्यायचं. मग लॉगिनची ओळ आली. काकांनी रूट लिहिलं, पासवर्ड टाकला.

लॉगिन चुकीचं.

नोंदणीबाईंच्या तोंडून हुंदका निघाला. त्या आता खोलीत होत्या, त्यांनी कशालाही हात लावला नव्हता, तरी.

"मग प्रणालीच खराब झालीय," इंजिनिअर म्हणाला. "सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल. मी माणूस पाठवतो, संध्याकाळपर्यंत होईल. माहिती बॅकअपवरून परत भरता येईल. बॅकअप आहे ना?"

"बॅकअप आहे," काका म्हणाले.

"मग प्रश्नच नाही. बाई, तुम्ही हो म्हणा."

मोठ्या बाई काकांकडे बघत होत्या. त्यांच्या जागी मी असते तर हो म्हटलं असतं. समोर कंपनीचा शिकलेला माणूस आणि इकडे टाइपरायटरवाले काका.

काका म्हणाले, "बाई, मला दहा मिनिटं द्या. पुसण्याआधी बॅकअप शेवटचा कधीचा आहे, ते डोळ्यांनी बघून येतो."

बॅकअपचं यंत्र तळघरात होतं. आग लागली, पाणी शिरलं तरी दोन्ही एकदम जाऊ नयेत म्हणून नऊ वर्षांपूर्वी काकांनीच ते तिकडे मांडलं होतं. रोज संध्याकाळी सहाला ते सर्व्हरमधल्या माहितीची नक्कल उतरवून घेई. मी त्यांच्याबरोबर गेले. का गेले सांगता येत नाही, बहुधा त्या खोलीत थांबवत नव्हतं म्हणून. तळघरात फायलींच्या रॅकांमागे, एका चादरीखाली ते यंत्र गुरगुरत होतं. काकांनी चादर काढली आणि पडद्याचं बटण दाबलं.

शेवटची नक्कल शुक्रवारची होती.

"म्हणजे शनिवार-रविवारचं काहीच नाही यात," मी म्हटलं. "शिबिराच्या पिशव्या, रक्तदाते, काहीच नाही. आणि वर सगळं पुसलं असतं तर..."

काकांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते यंत्राच्या मागच्या बाजूला वाकून बघत होते. जिथे नेटवर्कची केबल लागते तिथला हिरवा दिवा लुकलुकत होता. लुकलुकला, थांबला. पुन्हा लुकलुकला, थांबला. काका गुडघ्यांवर हात ठेवून मोजत होते. "एक, दोन, तीन. एक, दोन, तीन." मग ते पुढे आले आणि पडदा खाली सरकवला. ओळीमागून ओळ, एकच मजकूर: परवानगी नाकारली, पुन्हा प्रयत्न करत आहे. परवानगी नाकारली, पुन्हा प्रयत्न करत आहे.

काका शेजारच्या खोक्यावर बसले.

"अरे," ते हळूच म्हणाले.

"काय झालं?"

"शनिवारी मी रूटचा पासवर्ड बदलला. कंपनीकडून काय काय बदलायचं त्याची यादी आली होती, त्याप्रमाणे. वरच्या यंत्रात बदलला. यालाही रूटचाच पासवर्ड दिलेला होता, नऊ वर्षांपूर्वी, मीच, स्क्रिप्टमध्ये, म्हणजे त्याने रोज पाळायच्या हुकमांच्या यादीत, लिहून. ते विसरलो. हे बिचारं शनिवारी सहा वाजल्यापासून दर तीन सेकंदांनी जुना पासवर्ड घेऊन दार वाजवतंय. पाचव्यांदा वाजवलं तेव्हाच वरचं कुलूप बंद झालं. मी मघाशी कुलूप काढलं, यंत्र चालू झालं आणि पंधरा सेकंदांत याने पुन्हा बंद करून टाकलं." ते थांबले. "आणि दर वेळी दार वाजलं की वर एक नोंद होते. दोन दिवस नोंदी, नोंदी, नोंदी. जागा आधीच काठोकाठ होती. ती भरली."

मी हिशेब लावत उभी होते. म्हणजे लेबलं अडकली तीही यानेच, आणि कुलूप लागलं तेही यानेच.

"पण हे पुन्हा पुन्हा का करतंय? एकदा नाही म्हटल्यावर गप्प बसायचं ना."

काका ओशाळं हसले. "मीच शिकवलंय त्याला. नेटवर्क अधूनमधून जायचं तेव्हा. मी लिहिलं होतं, जमेपर्यंत सोडायचं नाही."

मग ते उठले. केबल ओढली नाही. तिच्या टोकाचा चिमटा अंगठ्याने दाबून ती अलगद बाहेर काढली, वेटोळं करून यंत्रावर ठेवली. दिवा विझला.

वर आल्यावर त्यांनी कुणाला काही सांगण्यात वेळ घालवला नाही. मोठ्या बाईंना एवढंच म्हणाले, "पुसायचं नाही. कारण सापडलं. अर्धा तास." आणि बसले. पुन्हा तेच सगळं. यंत्र बंद, चालू, यादी, दोन शब्द, हात मांडीवर. पण या वेळी आत गेल्यावर आधी त्यांनी चुकलेल्या प्रयत्नांची नोंद उघडली आणि तिचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग वेगळा काढून ठेवला. इंजिनिअर म्हणाला, "काका, ते कशाला, उडवा सगळं." काका म्हणाले, "सगळं उडवलं तर उद्या कुणाचं काय चुकलं हे कोण सांगणार?" मग फुगलेली नोंद रिकामी केली, आकडा शून्य केला, यंत्र चालू केलं. दहा मिनिटं.

रूट. पासवर्ड.

पडदा उघडला.

मी रक्तपेढीत पोचले तेव्हा प्रिंटर आपणहूनच सुरू झाला होता. सकाळपासून अडकलेले सगळे हुकूम त्याने एकामागून एक बाहेर टाकले. पहिलं लेबल बारा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी निघालं, मी ती वेळ मुद्दाम वहीत लिहिली आहे. आम्ही कागदावर लिहिलेली यादी समोर ठेवून प्रत्येक लेबल तिच्याशी ताडून चिकटवलं. दोनच्या आत सहा पिशव्या ऑपरेशन थिएटरच्या दाराशी होत्या. पाच लागल्या. ऑपरेशन झालेल्या बाई अकरा दिवसांनी स्वतःच्या पायांनी घरी गेल्या. त्यांना यातलं काही माहीत नाही, आणि माहीत असायचं कारणही नाही.

चार वाजता मोठ्या बाईंनी सगळ्यांना बोलावलं. इंजिनिअर तोवर स्वतः आला होता, पस्तिशीचा, घामेजलेला. नोंदणीबाईंच्या हातात खुलाशाचा कागद होता, चार ओळींचा, तीनदा खोडलेला.

खरं तर तिथे गप्प बसणं सोपं होतं. तळघरात काय दिसलं हे मला आणि काकांनाच ठाऊक होतं. इंजिनिअरला फक्त एवढं कळलं होतं की 'कुठल्यातरी यंत्रामुळे' झालं. नोंदणीबाईंनी चूक कबूलच केली होती. नोकरीची दोन वर्षं उरलेली, आयुष्यभर एक डाग नाही, अशा माणसाने काय करावं?

काकांनी मोठ्या बाईंसमोर एक कागद ठेवला. छापलेल्या सात-आठ ओळी, त्यातल्या दोन पेन्सिलने अधोरेखित.

"यांचे चुकलेले प्रयत्न तीन आहेत," ते नोंदणीबाईंकडे हात करून म्हणाले. "सोमवार, आठ पन्नास. स्वतःच्या नावाने. रूटला यांनी हातही लावलेला नाही. रूटचं खातं बंद झालं ते शनिवारी संध्याकाळी सहा वाजून शून्य मिनिटं आणि बारा सेकंदांनी. तेव्हा या घरी होत्या. या कागदाची एक प्रत त्यांना द्या, बाई. आणि खुलासा मी देतो. पासवर्ड मी बदलला, बॅकअपला सांगायचं मी विसरलो. त्याच्यात रूटचा पासवर्ड उघडा लिहून ठेवला होता, ती त्याहून मोठी चूक, आणि ती नऊ वर्षांची आहे. शिवाय सकाळी घाई करून नोंद न बघताच आकडा पुसला. तिथे अर्धा तास गेला."

मग इंजिनिअर घसा खाकरून म्हणाला, "त्या यादीत मी बॅकअपचं लिहायला हवं होतं. नियम रूटलाही लावा, हे माझंच सांगणं. आणि पुसून टाका म्हणालो तेही. ते... बरं झालं तुम्ही ऐकलं नाहीत."

मोठ्या बाईंनी कागद दोनदा वाचला. नोंदणीबाईंच्या हातातला खुलासा त्यांनी मागून घेतला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकला. "मी सकाळी घाई केली," त्या नोंदणीबाईंना म्हणाल्या. "मला वाईट वाटतंय." मग काकांकडे वळून, "तुम्हाला मात्र मला ताकीदपत्र द्यावं लागेल."

"द्यायलाच हवं," काका म्हणाले. "नाहीतर नियम कशाला?"

ते पत्र त्यांनी बाराव्या वहीत चिकटवलं. हो, त्या आठवड्यात बारावी वही सुरू झाली. बॅकअपच्या यंत्राला त्यांनी स्वतःचं वेगळं खातं दिलं, ज्याला फक्त वाचता येतं, बाकी काही करता येत नाही. रूट अडला तर आत जायला दुसरी वाट ठेवली आणि तिचा पासवर्ड बंद लिफाफ्यात घालून मोठ्या बाईंच्या तिजोरीत. आणि तळघरातल्या त्या यंत्राला शिकवलं, की तीनदा नाही म्हटलं तर थांब आणि माणसाला कळव.

मी त्यांना नंतर एकदा चहा पिताना विचारलं, "काका, गप्प बसला असतात तर कुणाला कळलं नसतं. मी तर बोलले नसते." त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "त्या दिवशी कळा तपासल्या, तारा तपासल्या, दिवे मोजले. सगळं तपासून कारण माझ्यापाशी येऊन थांबलं. आता तिथूनच परत फिरू का?" पुढे म्हणाले, "आणि त्या बाईंचं अक्षर बघितलंत का? बासष्ट ओळी, एक चूक नाही. असं माणूस आपल्याला घालवायचंय का?"

नोंदणीबाईंना घालवलं नाही. करार संपायच्या आधी काकांनी मोठ्या बाईंना लेखी दिलं, की सर्व्हरच्या खोलीत दुसरं माणूस हवं आणि ते यांनाच नेमावं. नोंदणीबाईंनीच आधी नाही म्हटलं. मला या वयात काय जमणार, म्हणाल्या. काका म्हणाले, "मी त्रेचाळीसचा होतो. तुमच्या हाताशी तीन वर्षं जास्तीची आहेत." दोन वर्षं त्या त्यांच्याशेजारी बसल्या. बाराही वह्या वाचल्या, आणि पहिल्या वहीत काकांनी नऊ चुका करून ठेवल्यात असं त्यांना दाखवलं. काकांनी त्या एकेक करून दुरुस्त केल्या, खुशीत.

काका निवृत्त झाले त्या दिवशी भाषणं वगैरे झाली. इंजिनिअरही आला होता, स्वतःहून. तो बोलायला उभा राहिला आणि म्हणाला की आता तो कंपनीत नव्या आलेल्या लोकांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो, पुसण्याआधी तळघरात जाऊन या. कुणाला काही कळलं नाही, आम्हा चौघांना सोडून.

हल्ली काका आणि काकू सकाळी नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकायला जातात. साठी उलटल्यावर सुचलेलं खूळ. काकूंना पंधरा दिवसांत जमलं. काका अजून कडेचा कठडा धरून पाय मारतात, आणि मास्तरांना रोज एखादी शंका विचारतात. काकू दोन फेऱ्या मारून येतात, काठाला टेकतात आणि म्हणतात, "मी थांबते. तीन वर्षं थांबले होते, आता काय घाई आहे."